गणित मी शिकवते

"बाई, तुमच्या भरवशावर ठेवतोय लेकीला," म्हणत देवरावांनी शिवकन्येचं दप्तर माझ्याच हातात दिलं.

मे महिन्यात शाळेचा पट वाढवायला आम्ही शिक्षक दारोदार फिरलो, तेव्हा तिचं लग्न ठरत होतं. मी त्यांच्या ओसरीवरून हललेच नाही. "इतक्यात नको. नववीत घाला, गणित मी शिकवते," असा शब्द देऊनच उठले.

पट तरीही भरला नाही. मी अतिरिक्त ठरले. आज दुपारीच दुसऱ्या तालुक्यातली शाळा गाठायची होती.

देवराव फाटकाकडे निघाले, तसं मी शिवकन्येला खरं सांगितलं आणि त्यांना हाक मारायला वळले. तिनं माझा पदर धरला.

"बाबांना सांगू नका, बाई. ते परत नेतील मला."

फाटकातून देवरावांनी वळून हात जोडले. मीही जोडले.