आकडा शून्य होईपर्यंत

दुपारचं ऊन टेबलावर पेंगत होतं. मी आणि माझी थोरली बहीण, दोघी सीरियल पोर्टचे, म्हणजे वायरीतून एकेक अक्षर आत घेणाऱ्या संगणकाच्या खोबणीचे, ड्रायव्हर लिहितो; ती खोबण चालवणारे प्रोग्रॅम. आमचा नियम एकच: पोर्ट किती जणांनी धरलाय तो आकडा शून्य झाल्याशिवाय वायर उपटायची नाही. शून्य झालं की ड्रायव्हर सगळं पुसून टाकतो. आज डुलकीच्या भरात मी आधीच उपटली.

तरी पडद्यावर अक्षरं येतच राहिली, बुडबुड्यांसारखी, एकेक. कोपऱ्यात पोर्ट धरणाऱ्यांचा आकडा अजून एक होता.

"अगं, वायर कुठंय?" असं उमटलं. मी ते वाचतेय तोच शेजारच्या टेबलावरून ताईनं विचारलं, "अगं, वायर कुठंय?"

"माझ्या मांडीवर. दोन्ही टोकं."

पडद्यावर आलं, "मग पोर्ट धरलाय कोणी?"

"मग पोर्ट धरलाय कोणी?" ताई म्हणाली.

मला हसूच फुटलं. पुढची ओळ सावकाश उमटू लागली. "घाबरू नकोस गं, मी आहे ना तुझ्या" इथवर आली आणि थांबली.

आकडा शून्य झाला.

"घाबरू नकोस गं," ताई म्हणाली, "मी आहे ना तुझ्या..."

मी वळून पाहिलं. पुढच्या शब्दाची वाट बघत तिचे ओठ उघडेच राहिले होते.