दुसऱ्या बाईचं पत्र

काकूंनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चार वेळा मोडल्याशिवाय कागद लांबून आल्यासारखा दिसत नाही. मग ते हेडबाईंच्या टेबलावर ठेवून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, टपाल आलं का. गेले सात आठवडे त्या रोज असंच सहज विचारत होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता.

खाली शिंप्याचं दुकान आणि वर या पाच बायका. सैनिकांसाठी मोजे विणतो, असं पाचहीजणींनी घरी सांगितलं होतं. त्यातल्या चौघींना सुई कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. त्या शत्रूच्या सैनिकांना त्यांच्या आयांची पत्रं लिहायच्या. हाती लागलेल्या टपालाच्या थैल्यांतून खरी पत्रं यायची, त्यांवरून अक्षर उचलायचं आणि नवं पत्र गुपचूप पलीकडे सोडायचं. पत्राची रीत ठरलेली होती. आधी पानभर माया, आणि शेवटच्या दोन ओळींत घरावर असं संकट, की पोरानं बंदूक टाकून पळत सुटावं.

मायेत काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. परक्या पोरांना त्या सोन्या म्हणत, राजा म्हणत, वासरू म्हणत. स्वतःच्या पोराला मात्र लिहीत, मोजे वाळवून घाल, नखं काप, उगाच पुढे पुढे करू नकोस. वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून तारा घेतलेल्या बाई. जास्तीचा शब्द त्यांच्या हातून सुटायचाच नाही.

आज टपाल आलं होतं. हेडबाईंनी स्वतःची खुर्ची काकूंना दिली आणि आपण खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मुलानं लिहिलं होतं, आई, तुझं पत्र मिळालं. अक्षर हुबेहूब तुझं. पण त्यात मला चारदा सोन्या म्हटलंय. माझ्या उशीचा अभ्रा तू अजून धुतला नाहीस म्हणे, माझा वास जाईल म्हणून. शेवटी लिहिलंय, बाबांनी अंथरूण धरलंय, असशील तसा निघून ये. मी ओळखलं, ही माझी आई नव्हे. साहेब म्हणाले, फाडून टाक. अजून फाडलेलं नाही. रोज वाचतो.

काकूंना आधी हसू आलं. म्हणजे तिकडेही अशीच एक खोली होती तर, आणि तिच्यात अशीच एक बाई.

"हात चांगला आहे हो तिचा," त्या म्हणाल्या.

मग शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा वाचले आणि त्यांचं हसू मावळलं. पत्र रोज वाचलं गेलं, की शेवटच्या दोन ओळी आपलं काम करतात, हे नव्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं. खोटं आहे हे माहीत असलं तरी करतात. आणि पळालेल्याला गोळी घालतात, मग तो कुणाचाही असो.

काकूंनी तिथंच उत्तर लिहिलं. सोन्या म्हणून सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा पानभर लिहिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. या खोलीतून जाणारं प्रत्येक पत्र हेडबाई वाचत. हेही त्यांनी वाचलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"काकू, फार सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण तो म्हणेल, हेही तिकडूनच आलंय."

दुसऱ्यांची कितीतरी पोरं काकूंनी पत्रांनी फसवली होती, आणि आता स्वतःच्या पोराला खरं पटवता येईना. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

गाढवा, त्यांनी लिहिलं, तुझे बाबा ठणठणीत आहेत. सकाळीच माझं न ऐकता शिडी लावून छपरावर चढले होते. जागचा हलू नकोस. मोजे वाळव. ते पत्र माझं नाही, त्यातल्या शेवटच्या दोन ओळी साफ खोट्या आहेत.

इथं लेखणी थांबली. चौघीजणी खाली मान घालून आपापलं काम करत राहिल्या. बऱ्याच वेळानं काकूंनी आणखी एक ओळ लिहिली आणि कुणाकडे न बघता कागद हेडबाईंपुढे सरकवला.

बाकीचं त्या बाईला कसं कळलं, कोण जाणे.