सबनीस सरांची तक्रार

पेशी वाढवणारं ते मानवी प्रथिन महिनाभर वाट पाहायला लावून एकदाचं लॅबमध्ये आलं होतं. सबनीस सर बोटभर बाटली उजेडात धरून बघतात तर काय, आत नुसता ठणठणाट! सरांचा पारा चढला. त्यांनी थेट विक्रेत्याला फोन लावला, तोही सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा.

“सर, ती बाटली...” त्यांची विद्यार्थिनी ऋजुता म्हणाली.

“थांब गं, मी बोलतोय ना!” सरांनी झाकण काढलं, पंख्याखाली बाटली उलटी करून टेबलावर आपटली, वर फुंकरही मारली. “कणभरसुद्धा काही नाहीये हो आत! फसवता काय?”

“अहो सर, ती पावडर इतकी थोडी असते की डोळ्यांना दिसतच नाही!” पलीकडून विक्रेता म्हणाला. “उघडली नाहीत ना?”

सरांनी गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. इन्क्युबेटरमधल्या उपाशी पेशी त्यांच्या डोळ्यांपुढे माना टाकू लागल्या.

“आता बोलू, सर?” ऋजुताने विचारलं. “पावडर मी सकाळीच विरघळवली आणि छोट्या नळ्यांत वाटून फ्रीजरमध्ये ठेवली.”

सरांच्या जिवात जीव आला. फोन मात्र अजून चालूच होता.

“म्हणजे तुमची तक्रार खरीच होती, सर,” पलीकडून आवाज आला. “बाटली रिकामीच होती.”