एकशे अठराचा होकार

"आधी चहा घे, मग सांग काय ते," स्नेहल म्हणाली.

सत्यमनं कप तसाच खाली ठेवला. टाकव्याहून तिच्या सासरी, पवनानगरपर्यंत गाडीवर घोकलेलं वाक्य दारातच विरलं होतं.

फावल्या वेळात तो एका ओपन सोर्स लायब्ररीचं, म्हणजे कुणीही फुकट वापरावा अशा तयार कोडचं, काम करायचा. प्रोग्राममधली माहिती डेटाबेसच्या नेमक्या ओळीत ठेवायची, ही त्या लायब्ररीची जबाबदारी. ते तपासणारी एक टेस्ट दोन वर्षांपूर्वी सारखी नापास होत होती. नवी आवृत्ती काढायची घाई होती. सत्यमनं टेस्ट गाळली आणि हात झटकले.

परवा ती पुन्हा चालवली, तेव्हा खरी चूक दिसली. एकदम बऱ्याच नोंदी भरल्या की एकाचं उत्तर त्याच्या वरच्याच्या ओळीत पडत होतं. आणि लोणावळ्यातलं एक वधूवर मंडळ हीच लायब्ररी वापरत होतं.

मंडळानं तपासायला दिलेल्या यादीत नुसते क्रमांक होते. जुळलेल्या जोड्यांची मात्र नावं होती: मुलगी ४३ स्नेहल, मुलगा ११७ आदिनाथ. इकडं फॉर्म आईच भरते, होकारही तीच कळवते. पोराला कळतं ते थेट कांदेपोहे खाताना. ११७ कडं वाटलं स्थळ मंडळानंच सुचवलंय, ११८ कडं वाटलं मुलीकडूनच नकार आला, त्यामुळं कुणालाच संशय आला नव्हता. सत्यमनं तर या दोघांच्या लग्नात मिरवून जिलेब्या वाढल्या होत्या. आता त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"आदिनाथच्या घरून तुला होकार आलाच नव्हता," तो एकदाचा बोलला. "तो ११८ चा होता. माझ्यामुळं झालं. दुरुस्ती टाकली की मंडळाला कळणारच, म्हणून आधी तुला सांगाय आलो."

स्नेहलनं आतलं दार ओढून घेतलं.

"मला ठाव हाय," ती हळूच म्हणाली. "मंडळात नोंदी मीच भरायची. होकाराचा कागद माझ्या हातात होता आन् पडद्यावर भलतंच नाव. एका फोनचं काम होतं. न्हाई केला."

"का?"

"मला आदिनाथच पायजे होता."

सत्यमला क्षणभर हायसं वाटलं. मग ११८ आठवला.

"आन् त्या बिचाऱ्याचं काय? ११८ अजून बिनलग्नाचा हाय. कोण हाय तो, सांग. पाया पडून माफी मागतो त्याची."

स्नेहलची मान वर होईना.

"कागदावर सही तुझ्या आईची होती," ती म्हणाली.