काटा लालवर

वरदने घेतलेली सेकंडहँड गाडी रिकाम्या रस्त्यावर शहाण्या बाळासारखी पळायची, पण लालबागच्या ट्रॅफिकमध्ये शिरली की इंजिन तापून काटा लालवर. दोन महिन्यांत फॅन बदलून झाला, थर्मोस्टॅट बदलून झाला. आज मेकॅनिक नार्वेकरांनी रेडिएटरच खोलला आणि आतला पांढरा थर खरवडून त्याच्यासमोर धरला.

"मीठ आहे हे, साहेब. गाडी खाऱ्या पाण्यात बुडालेली दिसतेय. एजंटने टोपी घातली तुम्हाला."

फणसवाडीत परतेपर्यंत वरदमध्ये एजंटशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. घरात शिरला तो बूट न काढताच कॉटवर आडवा झाला.

"फसलो, अप्पा. भंगार गळ्यात मारलं त्या माणसाने."

अप्पांनी पंखा वाढवला आणि मुलाच्या उशाशी येऊन बसले.

"एवढं मनाला नको लावून घेऊस रे. रोज सकाळी तू उठायच्या आत मी तिच्यात तांब्याभर पाणी ओततो ना! प्यायचं कशाला वाया घालवा, म्हणून आपल्या वाडीतल्या विहिरीचं, खारं. त्याच्यावरच तर चाललीय ती."