काठी आल्याशिवाय

पांढरी अॅम्बॅसडर रांग मोडून थेट पुढं आली आणि अंजनाच्या लाल निशाणासमोर कचकन थांबली.

कडेगावच्या रस्त्यावर मोरीचं काम चालू होतं. एकच बाजू मोकळी, आणि मधल्या वळणामुळं या टोकाचं त्या टोकाला दिसत नव्हतं. म्हणून रीत ठरलेली. तिकडच्या शेवटच्या गाडीकडं काठी द्यायची आणि ती इथं पोचली की मगच इकडची रांग सोडायची. काठी अजून आली नव्हती.

"सोड गं, आत कारखान्याचं चेअरमनसायेब हायेत," ड्रायव्हर म्हणाला.

"असू द्यात की! काठी आली की सोडती. तवर इंजान बंद करा, मागं एष्टीत लेकरं खोकत्यात."

बंद करतोय कसला! त्यानं उलट अॅक्सिलेटर दाबला. धुराचा लोट एष्टीच्या खिडक्यांत शिरला.

मुकादम लालासाहेब धापा टाकत आला. "अंजे, डोकं फिरलं का तुजं? रस्ता मोकळा दिसतोय न्हवं?"

"वळणापतुर दिसतोय. पल्याड कुणी बघितलंय? परवा तुमी आशीच जीप सोडली, आन् दोनी रांगा तोंडाला तोंड लावून दुपारपतुर धूर वकत हुब्या!"

"निशाण खाली कर. न्हाईतर उद्यापासनं कामावर यायचं न्हाई!"

काम गेलं तर दोन पोरी घेऊन परत माणदेशात, त्या कोरड्या रानात. पण अंजनाला राग आला. बॉनेटला गुडघे टेकवून ती उभी राहिली.

"उद्याचं उद्या बगू. आज निशाण माज्या हातात हाय."

एष्टीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मग त्याच्या मागच्या ट्रकवाल्यानं. बघता बघता सगळी रांग गप्प झाली आणि वळणापलीकडची धडधड ऐकू आली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला आणि अॅम्बॅसडरसमोर थबकला. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर काही मागं जात नसतो. त्याच्यामागं आणखी गाड्या होत्या.

"आता घ्या मागं," अंजना म्हणाली.

अॅम्बॅसडर मागं निघाली, सगळ्या रांगेच्या कडेकडेनं. डिकीवर थापा मारत लालासाहेब "येऊ द्या, येऊ द्या" करत उलटा चालत होता.

"आवं मुकादम," अंजनानं हाळी दिली, "उद्या कुटल्या टोकाला हुबी ऱ्हाऊ?"