बिनमिठाचं पान

नानांनी ताटात डावीकडे मिठाची रिकामी जागा बोटाने चाचपली आणि अळणी पालक मुकाट्याने गिळला. इंदूताईंना त्या मुकाटपणाचीच धास्ती होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात सावरला, वाचाही परतली. पण घासागणिक टोमणा मारणारा नवरा काही परतेना. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूला वेळ भरपूर द्या, मीठ जरासंच."

"अहो, देवाच्या नैवेद्याच्या पानात तरी मीठ कुठे वाढतात?" त्यांनी समजूत घातली.

नानांनी मान वळवून देवघराकडे पाहिलं.

"म्हणूनच तो कधी जेवत नाही गं."

"अहो, काय हे बोलणं!" म्हणत इंदूताई देवघराकडे धावल्या. क्षमा मागायला हात जोडले, तर आधी हसूच फुटलं, मग रडू. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "देवा, परत तूच धाडलंस ना यांना? आता ऐकून घे."